त्र्याण्णवाव्या प्रश्नातला 'क'

१

"सर, चोरी सगुणानंच केली, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

विचारून झालं आणि मग हेमांगीला कळलं, की आपण हे खरंच मोठ्यानं विचारलं. मागच्या बाकावर तनयाचा हात तोंडावर गेला. डिवचलं होतं तिनंच. "तू कशाला विचारशील गं? सगुणाचं नाव खोडलं की फुकटची जागा तुलाच. हिंमत असेल तर उभी राहून विचारून दाखव." त्यावर चार पोरी फिदीफिदी हसल्या आणि दिवाळीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी हेमांगी ताडकन उभी राहिली.

हल्ली तिचं असंच व्हायचं. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी मुलगी ऐन वेळी तापानं झोपली, बाईंनी हेमांगीच्या हातात माईक कोंबला आणि तेव्हापासून तिचा बाहेर पडलेला आवाज काही केल्या परत आत जायला तयार नव्हता.

विष्णु सरांनी खडू ठेवला. पेणला गणपतीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. खाली मूर्तींना घासकाम चालू असे आणि वर मुलांच्या डोक्यांना. दर जानेवारीत सर दहावीच्या मुलांची परीक्षा घेत: शंभर प्रश्न, साठ मिनिटं, प्रत्येकाला चार पर्याय, चुकीला गुण वजा नाहीत. पहिल्या येणाऱ्याला अकरावी-बारावीची दोन वर्षं क्लास फुकट. यंदा पेणची आणि रोह्याची मिळून एकतीस मुलं रोह्याच्या शाखेत बसली होती. यादी लागली: सगुणा एक्क्याण्णव, हेमांगी नव्वद, रोह्याचा विराज एकोणनव्वद. दुसऱ्या दिवशी सगुणाच्या नावावर लाल रेघ.

"उत्तरं हवीत ना? ऐक," सर म्हणाले. "उत्तरांच्या तक्त्याची छापील प्रत एकच होती. मी स्वतः ती रोह्याच्या टेबलावर ठेवली, तीसुद्धा उपडी, कुणाची नजर पडू नये म्हणून. संध्याकाळी बघतो तर गायब. टेबलासमोरच्या बाकावर कोण बसलं होतं? सगुणा. वर्षभर पंचावन्नच्या पुढे न गेलेल्या मुलीला एकदम एक्क्याण्णव कुठून पडले? बरं, तेही सोड. त्र्याण्णवावा प्रश्न आठवतो?"

"घनाची बाजू दुप्पट केली तर घनफळ किती पट. आठ पट. पर्याय ब."

"बरोबर. पण तक्ता टाइप करताना मी चुकून क लिहिलं होतं. चार पट." सरांनी कपाटातून एक कागद काढून वर धरला. रोह्याच्या स्कॅनिंग मशीननं पाठवलेली सगुणाच्या उत्तरपत्रिकेची ती काळी-पांढरी प्रत होती. "हिनं काय भरलंय बघ. क! माझी चूक हिच्या पेपरात कशी उतरली?"

हेमांगीनं कागद निरखला. तरी आवाज निघालाच, "बाकी कुणीच क नाही भरलं?"

"आणखी चौघांनी. तिघांना चाळीसच्या आत मार्क आहेत, त्यांनी डोळे मिटून गोल काळे केलेत. चौथा कायमचा हुशार. त्याला तक्त्याची गरज काय? झाली असेल घाईत चूक. मंगळवारी तुझं नाव पक्कं करतोय मी. पेढे आण आणि बस खाली."

ती बसली. तनया मागून पुटपुटली, "बाई गं! खरंच विचारलंस?"

हेमांगीच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. सगुणा आणि ती पाचवीपासून एका बाकावर. जी मुलगी सापडलेला खोडरबर चार वर्गांत फिरून मालकाला देते, ती तक्ता चोरेल? पण मग तो क आला कुठून?

२

रविवारी हेमांगी आणि तनया सहा आसनी रिक्षानं वडखळला उतरल्या आणि खाडीच्या बांधानं चालत मिठागरावर पोचल्या. सगुणाचे वडील जनू लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं मीठ ओढत होते. सगुणा टोपल्या भरत होती. मैत्रिणींना बघून तिनं तोंड फिरवलं.

"पेढे द्यायला आलीस?"

"डोंबल तुझं! मी विचारायला आले."

"मग विचार. मी नाय चोरला तक्ता. झालं?"

"झालं. पण पंचावन्नवरून एक्क्याण्णव कशी झालीस, ते सांग."

सगुणानं टोपली खाली ठेवली. "ते माझ्या बापाला विचार."

जनूकाका फावड्यावर रेलले. "आता काय बोलाचं, बाय? ही रोज रडाची, पेपर पुरा होत नाय म्हनून. एक गणित आरलं का तिथंच बसाची. मी बोललो, अगो येडे, आगरात आपन काय करतो? बांधावरून पयली फेरी मारतो, ज्या वाफ्यात मीठ धरलंय तेवढाच ओढतो. दुसऱ्या फेरीला अर्धा धरलेला. कच्च्या वाफ्यापाशी उभं राह्यलं तर मीठ व्हतं काय? तवर बाकीचा वाया."

"म्हणून मी तीन फेऱ्या केल्या," सगुणा म्हणाली. "पहिल्या फेरीत बघताक्षणी येतं तेवढंच. दुसरीत डोकं लावायला लागतं ते. तिसरीत उरलेल्या सगळ्यांना एकच अक्षर. सरच सांगतात ना, गुण वजा होत नाहीत तर गोल रिकामा ठेवू नका. मी क धरला."

"आणि त्र्याण्णव?"

"घन, गोल, शंकू आले की माझी दातखीळ बसते गो. तो तिसऱ्या फेरीतलाच असणार."

हेमांगी बांधावर उड्या मारायची तेवढी राहिली. "मग सुटलंच की! हे सरांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. बोलले, पकडलेला प्रत्येक जण गोष्ट तयार ठेवतो." सगुणानं टोपली पायानं सरकवली. "त्यात माझं नशीब असलं. मधेच पेन मेलं, रोह्याच्या बाईंकडून मागून घेतलं, तर तेपण माझ्यावरच. बोलले, टेबलाशी जायला निमित्त काढलंस."

जनूकाका खाडीकडे बघत म्हणाले, "मंगळवारपत्तर सर काय बोलतात बघतो. चोर ठरली तर क्लास बंद आनि फुडचं शिक्शनबी बंद. चोर म्हनून मी हिला कुठं बसवनार नाय. आगर हाय, टोपली हाय."

परतताना तनया म्हणाली, "चल, सगुणा सुटली."

"कुठली सुटतेय! आपण तिच्यावर विश्वास ठेवला म्हणजे सिद्ध झालं का? आणि तक्ता तर खरोखरच गायब आहे. सगुणानं नाही नेला, तर कुणी नेला?"

तनयानं डोकं खाजवलं. "माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय."

"माझ्याही," हेमांगी म्हणाली. "पण पुरावे सगळे रोह्याला आहेत. उद्या सव्वीस जानेवारी, झेंडावंदन झालं की निघू."

३

नागोठण्याला एस.टी. अर्धा तास अडकली. तेवढ्यात हेमांगीनं वहीत सगळं लिहून काढलं आणि वाचून दाखवलं. तनयानं तीन जांभया दिल्या. रोह्याला उतरून पुलावरून दोघी नदीपलीकडच्या अष्टमी भागात आल्या. क्लासची शाखा तिथल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती आणि विमल बाई दुसऱ्या मजल्यावर राहत. शिकवणं, पर्यवेक्षण, झाडू, हिशोब, सगळं त्यांच्याकडे. काटकसर एवढी, की खडूचा तुकडा चिमटीत मावेना तेव्हाच टाकायच्या.

"विष्णु सरांना न विचारता मी काही दाखवणार नाही हं," बाई म्हणाल्या.

"बाई, मंगळवारी माझंच नाव पक्कं होणार आहे. मला फक्त जिनं एक्क्याण्णव मिळवले तिचा पेपर बघायचाय. शिकायला."

ही थाप आहे हे बाईंनी ओळखलं असावं. पण त्यांनी चष्मा पुसला आणि कपाट उघडलं. "मलाही ते पटलेलं नाही, पोरी. बघ. हात लावताना जपून."

आधी हेमांगीनं दोन्ही शाखांच्या सराव परीक्षांची जुनी नोंदवही चाळली. तिथंच तिला पहिला झटका बसला. सगुणाच्या नावापुढे दर वेळी दोन आकडे होते. सोडवलेले साठ, बरोबर पंचावन्न. सोडवलेले अठ्ठावन्न, बरोबर चोपन्न. सोडवलेले सत्तावन्न, बरोबर त्रेपन्न.

"तनया, बघ! ही फारशी चुकतच नव्हती. ही पोचतच नव्हती! शेवटचे चाळीस प्रश्न हिनं वर्षभर वाचलेलेच नाहीत. सर फक्त पंचावन्न बघत राहिले."

"मग तीन फेऱ्यांनी ती पोचली. पण हे म्हणजे 'असू शकेल' झालं. 'होतंच' नाही झालं."

"वकील हो तू."

मग बाईंनी सगुणाची मूळ उत्तरपत्रिका पुढे ठेवली. पेणला सरांच्या हातात हिचीच प्रत होती, पण ही तशी दिसेना. हेमांगीनं ती खिडकीपाशी नेली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"बाई, सगुणाचं पेन संपलं तेव्हा तुम्ही तिला कुठलं पेन दिलंत?"

"माझंच. मी काळंच वापरते. अर्ध्या तासाची घंटा नुकतीच दिली होती, म्हणून लक्षात आहे."

"आणि तिचं स्वतःचं?"

"मला काय ठाऊक? पण मुलं सगळी निळंच वापरतात."

उत्तरपत्रिका दोन रंगांची होती.

४

"तनया, बस इथं. तू चोर आहेस."

"काय?"

"समज ना! तुझ्या मांडीवर तक्ता आहे. शंभर उत्तरं. तू गोल कसे भरशील?"

"एकापासून शंभरपर्यंत. भराभरा. दुसरं काय?"

"आणि मधेच तुझं निळं पेन संपलं, काळं मिळालं. तर तुझा पेपर कसा दिसेल?"

तनयानं विचार केला. "वरती सगळा निळा. खाली सगळा काळा."

"आता हा बघ."

तीन निळे, एक काळा, दोन निळे, दोन काळे, पाच निळे. पहिल्या प्रश्नापासून शंभरापर्यंत दोन्ही रंग तांदळातल्या मुगासारखे मिसळले होते. सगुणा शेवटपर्यंत एकदा निळ्यानं जाऊन आली होती. मग पुन्हा पहिल्यापासून काळ्यानं. आणि जिथं निळं होतं तिथले प्रश्न बघताक्षणी येणारे, जिथं काळं होतं तिथले घाम काढणारे.

बाईंनी सगुणाची प्रश्नपत्रिकाही काढून दिली. समासात आकडेमोड खच्चून भरली होती आणि सात प्रश्नांभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. सातही घन, गोल आणि शंकूचे. सातांनाही उत्तर क. त्यांतले पाच चुकलेले, एक चुकून बरोबर आलेला आणि सातवा, त्र्याण्णवावा, सरांच्याच चुकीमुळे बरोबर ठरलेला.

"म्हणजे तिचं सगळं खरं!" तनया ओरडली.

"अक्षर नि अक्षर." हेमांगीनं मोबाइलवर फोटो काढले. आनंदानं तिला नाचावंसं वाटत होतं. पण नाचायला पाय उचलला आणि तो तसाच राहिला. "बाई, मग तक्ता कुठंय? तो नाही सापडला तर सर म्हणतील, दोन रंग हासुद्धा तिचा कावा."

"सगळं शोधलं गं मी. रद्दीसुद्धा."

"परीक्षेला कच्च्या कामाचे कागद कुठले दिलेत?"

"कुठले म्हणजे? पाठकोरे. एका बाजूनं छापलेले जुने कागद मी कधी टाकत नाही. कोरी बाजू कच्च्या कामाला होते. एकतीस मोजून वाटले. परत घेतलेही मोजून. एकतीस. एक कमी नाही, एक जास्त नाही."

हेमांगी टेबलाकडे बघत होती. डोक्यातल्या गोष्टी एकमेकींवर आपटत होत्या. तक्ता एका बाजूनं छापलेला. सरांनी तो उपडा ठेवलेला, म्हणजे कोरी बाजू वर. आणि या खोलीत कोरी बाजू वर असलेला कागद म्हणजे...

"बाई, कुणी आणखी एक कागद मागितला होता?"

विमल बाईंनी कपाळाला हात लावला. रंगच उतरला त्यांचा. "अगं बाई! मागितला. शेवटची दहा-बारा मिनिटं राहिली होती. चोपन्नाव्या गणितानंच त्याचा अख्खा कागद खाल्ला होता. गठ्ठा संपला होता, म्हणून मी टेबलावरचा पाठकोरा उचलला आणि दिला."

"म्हणजे दिले बत्तीस. परत आले एकतीस."

"हो गं. ते माझ्या लक्षातच आलं नाही. एकतीस मुलं, एकतीस कागद, मी खूश!"

"कुणी मागितला होता, बाई?"

बाईंनी कपाटातून दुसरी एक उत्तरपत्रिका काढली आणि हेमांगीच्या हातात दिली.

५

विराज पुलावर भेटला. क्रिकेटची बॅट सायकलला बांधून घरी चालला होता. हेमांगीला बघून हसला. "काय, पेणकर? सीट घेऊन वर रोहा बघायला आलात?"

"तुझा पेपर बघून आले."

हसू तिथंच गोठलं. कुंडलिका खालून संथ वाहत होती. तनया उगाच कठड्याचे गज मोजायला लागली.

"चोपन्नावं गणित अवघड होतं, नाही?" हेमांगीनं विचारलं.

"हो. पण आलं मला शेवटी."

"किती वेळ लागला?"

"असेल सात-आठ मिनिटं. अर्धवट सोडून पुढे जाणं मला जमत नाही."

"छत्तीस सेकंदांच्या प्रश्नाला आठ मिनिटं. असे आणखी दोन-चार असतील. म्हणजे शेवटी वेळ उरला नसणार. सत्त्याऐंशीपर्यंत तुझे अकरा चुकलेत. आणि अठ्ठ्याऐंशीपासून शंभरपर्यंत एकही नाही. तेराच्या तेरा बरोबर. त्यात त्र्याण्णवही बरोबर आला. विराज, घनाची बाजू दुप्पट केली तर घनफळ किती पट होतं?"

"आठ पट," तो बोलून गेला. मग त्याला कळलं.

"मग तू क का भरलास? क म्हणजे चार पट. जगात ते चार पट फक्त एका कागदावर होतं."

विराजनं सायकल कठड्याला टेकवली. तिच्याकडे न बघताच तो बोलायला लागला. "मी काही चोरायला गेलो नव्हतो. बाईंनी दिलेल्या कागदाची एक बाजू भरली म्हणून उलटला. तर समोर एक ब, दोन ड, तीन अ. आधी वाटलं जुन्या परीक्षेचा असेल. पडताळून बघितला तर याच पेपरचा. तीन मिनिटं राहिली होती आणि तेरा प्रश्न. हात आपोआप चालला. प्रश्न वाचलेसुद्धा नाहीत. पहिले सत्त्याऐंशी माझे आहेत, हेमांगी. आईशप्पथ."

"आणि कागद?"

"इथूनच सोडला. खाली."

"आणि सगुणाचं नाव खोडलं तेव्हा?"

तो पुटपुटला, "वाटलं, एक-दोन दिवसांत मिटेल. आणि मिटेना तसं बोलायला आणखी अवघड होत गेलं."

हेमांगीला त्याचा राग यायला हवा होता. तो येईना, याचाच तिला राग आला. "तिचा बाप तिला शाळेतून काढतोय, कळलं? मिठाच्या टोपल्या उचलतेय ती. उद्या पाच वाजता पेणला मी सरांना सगळं सांगणार आहे. तू आलास तर तूच सांग. नाही आलास तर मी सांगेन, मग मला कसं सांगावंसं वाटेल तसं सांगेन."

विराजनं सायकल उचलली आणि तो निघून गेला.

"येईल?" तनयानं विचारलं.

"मला काय माहीत!" हेमांगी म्हणाली.

६

मंगळवारी पाच वाजता क्लासमध्ये विष्णु सर, हेमांगी, तनया, सगुणा आणि दाराशी चप्पल काढून अवघडून उभे असलेले जनूकाका एवढे होते. सव्वापाचपर्यंत हेमांगीनं दोन रंगांचे फोटो दाखवले, नोंदवहीतले आकडे समजावले, बत्तीस कागदांचा हिशोब मांडला. सर आधी घड्याळाकडे बघत होते, मग फोटोकडे, मग कुठंच नाही.

"छान रचलंयस," ते शेवटी म्हणाले. "पण त्या बत्तिसाव्या कागदावर तक्ताच होता, हे कोण सांगणार?"

"मी," दारातून आवाज आला. विराज होता. सोबत विमल बाई. त्याचे डोळे सुजलेले होते.

त्यानं सगळं सांगितलं, मधे न थांबता. विमल बाई म्हणाल्या, "कागद मी दिला, सर. माझीही चूक त्यात धरा." खाली कारखान्यात पॉलिश पेपरची खसखस चालू होती. विष्णु सर उठले आणि फळ्याकडे बघतच म्हणाले, "मी लपवायला म्हणून उपडा ठेवला आणि त्याचाच पाठकोरा झाला. सगुणा, चूक माझी. जनूभाऊ, मी तुमच्या मुलीला नको ते बोललो."

जनूकाकांनी नुसतीच मान हलवली. पण त्यांचा हात सगुणाच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला.

सरांनी यादी काढली. विराजच्या नावावर रेघ मारली. सगुणाच्या नावावरची लाल रेघ खोडली. मग पेन हवेतच थांबलं.

"अरे... तक्ता दुरुस्त करायला हवा. त्र्याण्णवाचं उत्तर ब. ज्यांनी क भरलं त्यांचा एक गुण जाणार. ज्यांनी ब भरलं त्यांचा एक वाढणार." ते लिहीत गेले. "सगुणा, एक्क्याण्णवचे नव्वद. हेमांगी, नव्वदचे एक्क्याण्णव."

हेमांगी त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. चार दिवस तिनं ऊन-धूळ खाऊन जे शोधलं, त्याचा हा शेवट? सगुणा चोर ठरली तरी जागा आपली, आणि निर्दोष ठरली तरीही आपलीच?

"सर, जागा सगुणाला द्या. माझ्यातर्फे."

"खबरदार गो!" सगुणा वीज पडावी तशी कडाडली. "तुझे एक्क्याण्णव, माझे नव्वद. घन मला येत नाय तर नाय येत. दान घ्यायला मी आले नाय."

"आनि मीबी आनलेली नाय हिला दान घ्याला," जनूकाका म्हणाले. "चोर नाय ठरली, माझं तेवढंच काम व्हतं. बाकी फीचं जमलं तर बघू."

जमणार नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं.

"आणि जागा द्यायला ती काही हेमांगीची वस्तू नाही," सर म्हणाले. "नियम साधा आहे. पहिल्या आलेल्यानं क्लासला नाव घातलं की जागा त्याची. तो क्लासला आलाच नाही, तर यादीतल्या पुढच्याची. आपोआप. कुणी कुणाला देत नाही, कुणी कुणाकडून घेत नाही."

हेमांगीनं एकदम सरांकडे पाहिलं. "क्लासला आलाच नाही तर?"

"हो. पण पहिल्या नंबरचा मुलगा क्लास सोडून कशाला जाईल?"

७

घरी आईनं शिरा केला होता. तनयाच्या आईचा फोन येऊन गेला होता आणि एक्क्याण्णवाची बातमी हेमांगीच्या आधी घरी पोचली होती.

"दोन वर्षांची काळजी मिटली," आई म्हणाली. "आता नीट लक्ष घाल आणि तो आगाऊपणा जरा कमी कर. सरांना उलट प्रश्न विचारलास म्हणे वर्गात."

"विचारला म्हणून तर कळलं सगळं," बाबा म्हणाले. ते शाळेत गणित शिकवत. "शाबास. पण तोंड असं का? तू पहिली आलीस, त्यात तुझं काय चुकलं? तुला उत्तर येत होतं, तू लिहिलंस."

"तेच तर कळत नाहीये, बाबा. माझं काही चुकलंच नाही. सगुणाचंही नाही. तरी ती मिठागरावर आणि मी क्लासात बसणार." हेमांगीनं शिऱ्याची बशी बाजूला सरकवली. आवाज थांबत नव्हता. "आणि खरं सांगू? नुसतं तिच्यासाठीही नाही. एक काळी-पांढरी प्रत बघून सरांनी तिला चोर ठरवलं. आम्ही सगळे गप्प बसलो. मला डिवचलं नसतं तर मीही गप्पच बसले असते, पेढे वाटले असते. त्या वर्गात मला आता बसवणार नाही. चुकतही असेन मी. मला नक्की माहीत नाही."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?" आईचा चमचा थांबला.

हेमांगी उभी राहिली. बसून सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"आई, बाबा, मी विष्णु सरांच्या क्लासला जाणार नाही. फुकट नाही आणि फी भरूनही नाही. अकरावी-बारावी मी कॉलेजात शिकून आणि घरी अभ्यास करून काढणार. गणित बाबा शिकवतील, नाही शिकवलं तर मी एकटी बसेन. कमी मार्क पडले तर ते माझे. क्लास सोडण्याचा अर्ज लिहून झालाय. पालकांची सही तेवढी राहिलीय."